लालचा एक थेंब

आमच्या ह्यांच्याशी अडतीस वर्षं संसार केला, पण एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्याच दिवशी दिल्याचं मला आठवत नाही. "सुकल्यावर बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोष धंद्याचा आहे. आमचं रंगाचं दुकान. खाली दुकान, वर घर. समोरच्या रांगेत दोन दुकानांत रंग मिसळायची यंत्रं आली आहेत, बटण दाबलं की डबा तयार. आमचे हे मात्र अजून नजरेने रंग जुळवतात. पांढऱ्या बेसमध्ये ड्रॉपरने थेंब टाकायचे, काठीने ढवळायचं, पत्त्याएवढ्या कार्डावर ब्रशचा एक फटकारा मारायचा आणि कार्ड दोरीला लावून दुसऱ्या कामाला लागायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ओल्या कार्डावर हे मत देत नाहीत. रंगाच्या बाबतीत ते मला मान्य आहे. पण मी नवा चष्मा लावून 'कशी दिसते' म्हणून विचारावं आणि ह्यांनी परवाच्या जेवणात मान वर करून 'बरी दिसतेस' म्हणावं, हे कुठल्या बायकोला मान्य होईल?

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या सवयीतूनच झाला.

आमचा मुलगा बोटीवर इंजिनिअर आहे. त्याने लग्न केलं ते परभाषेतल्या मुलीशी. तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला येत नाही, आणि त्या दोघांचं सगळं प्रेम इंग्रजीत. मला इंग्रजी बरंचसं कळतं, टीव्हीची कृपा, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. ह्यांचं इंग्रजी डब्यावर छापलेलं असतं तेवढंच. तरी पोरगी पहिल्याच दिवशी 'आई' आणि 'बाबा' एवढे दोन शब्द शिकून आली आणि तेवढ्या भांडवलावर तिने आम्हा दोघांना खिशात टाकलं. आली की दुकानात ह्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि कार्डं सुकताना बघायची. गिऱ्हाइकाला 'सुकल्यावर बोलू' म्हणण्यापलीकडे हे काही बोलायचे नाहीत, तीही काही बोलायची नाही. दोघांचं फार छान जमायचं.

मग तिला दिवस गेले. आणि चौथा महिना सरता सरता ते बाळ गेलं.

मुलाची रजा संपली होती, त्याला बोटीवर जाणं भाग होतं. डॉक्टरांनी तिला सहा आठवडे विश्रांती सांगितली. तिला माहेर होतं, आई होती. पण ती म्हणाली, मला आई-बाबांकडे जायचंय. म्हणजे आमच्याकडे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शनिवारी ती आली. कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. मी तिला जवळ घेतलं, दोघी रडलो, त्याला भाषा लागत नाही. हे दारात उभे, हातात रंग ढवळायची काठी, तोंडाला कुलूप. नुसती मान हलवली आणि खाली निघून गेले. मला राग आला, पण नवल वाटलं नाही.

दोन दिवस ह्यांनी मुलाचा शाळेतला शब्दकोश पुढ्यात घेऊन काढले. पाठ उसवलेला, कोपरे कुरतडलेला तो शब्दकोश गल्ल्यावर उघडा पडलेला असायचा.

"नुसतं सॅड म्हणू का?" मला विचारलं.

"म्हणा की. सगळे तेच म्हणतात."

"तीनच अक्षरं आहेत गं त्यात. एक कोट मारून सोडल्यासारखं वाटतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक कोट पुरतो का?"

मग त्यांना एक बारा अक्षरांचा शब्द सापडला. त्याच्यापुढे मराठीत 'आशाभंग झालेला' असं लिहिलं होतं. "बघ," म्हणाले, "आशा होती ना आपल्याला? ती भंगली. झालं तर मग." मीही चष्म्यातून पाहून म्हटलं, भारदस्त आहे खरा. आम्ही दोघांनी मिळून त्या शब्दाला पास केलं, हे मी कबूल करते.

सोमवारी दुपारी जेवताना हे खुर्ची मागे सारून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "आय अॅम डिसअपॉइंटेड," सावकाश, एकेक अक्षर तोलून म्हणाले. मग तिच्याकडे बघून पुन्हा, "व्हेरी व्हेरी डिसअपॉइंटेड."

तिने चमचा खाली ठेवला. "आय अॅम सॉरी, बाबा," एवढंच म्हणाली आणि उठून खोलीत गेली. दार अगदी हळू लावलं.

आम्हाला वाटलं, तिला भरून आलं. मी तर ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "किती छान बोललात हो! माझ्यासाठी कधी असे उभे राहिला नाहीत." हे लाजले. माझा तो मूर्खपणा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यानंतर ती दुकानात उतरली नाही. चिमणीएवढं खायची, आपलं ताट आपण धुऊन ठेवायची, चादरीची घडी इतकी नेटकी की कुणी झोपलं होतं की नाही कळू नये. पाहुणे असं वागतात. मी म्हटलं, अशक्तपणा असेल.

बुधवारी सकाळी मुलाचा बोटीवरून फोन आला.

"आई, बाबा तिच्यावर रागावलेत का?"

"वेड लागलंय का तुला? तिच्यासाठी तो माणूस दोन दिवस इंग्रजी शिकला!"

"आई, ते तिला डिसअपॉइंटेड म्हणाले. तोंडावर. असं तोंडावर म्हटलं की त्याचा अर्थ होतो, तुझ्याकडून अपेक्षा होती आणि तू कमी पडलीस. शाळेत हेडमास्तर म्हणायचे आम्हाला, नापास झालो की."

मी तिच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मग तू सांग ना तिला! बाबांना इंग्रजी येत नाही म्हणून सांग."

"सांगितलं. तर म्हणते, तू माझी समजूत घालतोयस. बाबा चटकन बोलून गेले असते तर मी मनावर घेतलं नसतं. ते दोन दिवस विचार करून बोलले, उभे राहून बोलले. आई, ती रविवारी तिच्या आईकडे जातेय. तिकीट काढलंय. आता पुढे आठवडाभर आमच्या बोटीला रेंज नाही, तूच काहीतरी..." आणि फोन कटला.

मी कपाळाला हात लावून बसले. रविवार चार दिवसांवर. ती अशी गेली असती तर परत आलीही असती, वर्षा-दोन वर्षांनी, भेटवस्तू घेऊन, सोफ्याच्या कडेला बसायला. पण त्या स्टुलावर पुन्हा बसली नसती. आमच्या घरात तिला एकदा कमी ठरवलं होतं, ही गोष्ट तिने कुणाला न सांगता जन्मभर पोटात ठेवली असती. आणि त्यात एक अक्षरही खरं नव्हतं.

आधी मीच गेले चहा घेऊन. वाक्य जुळवून नेलं होतं, पण तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि होतं नव्हतं ते इंग्रजी पळालं. "नो, नो," मी म्हणाले. "बाबा नो. यू गुड गर्ल. व्हेरी गुड गर्ल." नापास झालेल्या पोरीला शेजारीण समजावते तसं ते वाटलं असणार. ती कसनुसं हसली आणि म्हणाली, "थँक यू, आई."

मग खाली जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातली काठी डब्यावर आडवी ठेवली. चेहरा इतका उतरला की माझा राग निम्मा तिथेच विरला.

"वर चला आणि आत्ताच्या आत्ता सांगा तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? परत चुकलं तर?" मग काठी पुन्हा उचलून, "सुकू दे जरा."

"काय सुकू दे? तिकीट काढलंय तिने! तुमचं सुकेस्तोवर ती तिच्या आईच्या घरी पोचेल!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस आत डोकावून गेला. हे गप्प. अडतीस वर्षांत मी त्या गप्प बसण्यावर शेकडो वेळा भांडले आहे, पण इतकी रडकुंडीला कधी आले नव्हते.

गुरुवारी दुकान उघडताच इंग्रजीच्या बाई आल्या. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. वाचायच्या खोलीला पांढरा रंग हवा म्हणून त्यांची ही आठवी खेप. त्यांना दुधाचा पांढरा नको, खडूचा नको, जुन्या कागदाचाही नको. बाकीची गिऱ्हाइकं त्यांना हसतात. आमचे हे मात्र त्यांना फार मानतात, म्हणतात, त्या बाईंना फरक दिसतो.

त्यांनी दोरीवरची कार्डं बघायला चष्मा काढला आणि मी त्यांचा हातच धरला. सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता बाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"तोंडावर म्हणालात? तिला? अहो, काय केलंत हे!"

"शब्दकोशात आशाभंग लिहिलंय," हे खाली मान घालून म्हणाले.

"आशाभंग आपला आपल्याशी होतो. हा शब्द समोरच्याकडे बोट दाखवतो."

ह्यांनी मान वर केली. दोरीवरून एक कार्ड काढून बाईंपुढे धरलं. निळसर राखाडी, संध्याकाळी भिंतीवर दिसतो तसा. "बाई, हे सॅड धरा. ह्याच्यात काय पडलं की तुमचा तो डिसअपॉइंटेड होतो?"

बाई हुशार. एका क्षणात त्यांच्या लक्षात आलं. "दोष," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दोषाचा एक थेंब. सॅडला कुणी गुन्हेगार लागत नाही."

"दोष म्हणजे लाल," हे पुटपुटले आणि पेन काढलं.

मग त्या दोघांचा असा काही वर्ग भरला की मी दोन गिऱ्हाइकं परस्पर कटवली. अपसेट म्हणजे काय? ढवळून ठेवलेला, अजून स्थिर न झालेला, बाई म्हणाल्या, तासाभराने बदलतो. हर्ट? त्यात कुणीतरी ओरखडा काढलेला असतो. लोनली? नुसतं एकटं असणं नव्हे, एकटेपण बोचणं. हे प्रत्येकाला विचारत, "थेंब कशाचा? किती?" आणि बाई डोळे मिटून विचार करून सांगत. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि एक ग्रीफ. तो फार जपून वापरायचा शब्द. कुणीतरी होतं आणि आता नाही, तेव्हाच."

"कुणीतरी होतं," हे म्हणाले.

"हो. वस्तू हरवली, परीक्षा बुडाली, तिथे तो चालत नाही. माणूस लागतं त्याला."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. "चार महिन्यांचं होतं," मी हळूच म्हटलं. मला वाटलं, बाई म्हणतील, एवढ्याशाला माणूस म्हणतात का.

"होतं की," हेच म्हणाले. त्याच मिनिटाला म्हणाले, काहीही सुकायची वाट न बघता. बाईंनी चष्मा पुसायला घेतला. पांढऱ्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

शुक्रवारभर दोरीवर त्या शब्दांची सात कार्डं लटकत होती. मी येता-जाता हात लावून बघायची आणि हे डोळे वटारायचे. वर तिची बॅग भरून भिंतीशी उभी होती.

शनिवारी सकाळी हे कार्डं घेऊन वर आले आणि जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडली. मी तिला हाताला धरून आणलं. ती उभीच राहिली, खुर्चीची पाठ घट्ट धरून, आता आणखी काय ऐकायचंय अशा चेहऱ्याने. सगळी कार्डं निळसर राखाडीच, पण एकासारखं एक नाही. प्रत्येकाच्या मागे ह्यांच्या गिचमिड देवनागरीत इंग्रजी शब्द आणि थेंबांचा हिशेब.

ह्यांनी जरा जांभळट दिसणारं कार्ड उचललं. "धिस, आय सेड," म्हणाले. उलटं करून बोट ठेवलं, जिथे लिहिलं होतं: लाल, एक. "रेड मीन्स, यू डिड राँग." मग ते कार्ड त्यांनी टराटरा फाडलं. कार्ड फाडताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं, वीस वर्षांपूर्वीची कार्डंसुद्धा खोक्यात भरून ठेवली आहेत.

मग ओळीतलं शेवटचं उचललं. गडद, शांत. "धिस, आय मीन. ग्रीफ. बेबी वॉज. बेबी नॉट नाउ." ह्यांनी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. "नो रेड. नॉट वन ड्रॉप."

ती त्या कार्डाकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि टेबलावर डोकं ठेवून अशी रडली की मला वाटलं, आतापर्यंत ती मोकळं अशी रडलीच नव्हती. बेबी वॉज, बेबी वॉज, तिच्या रडण्यात मला एवढंच कळत होतं. नंतर तिने सांगितलं, दवाखान्यात, फोनवर, कुणीही तोपर्यंत ते बाळ होतं असं म्हटलं नव्हतं. सगळे म्हणत होते, पुन्हा होईल.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण पोरगी उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, कॅन आय मेक माइन?"

आम्ही तिघं खाली गेलो. ती तिच्या स्टुलावर बसली. ह्यांनी तिला एका वाटीत पांढरा बेस दिला. तिने निळा टाकला, काळा टाकला, ढवळलं, ग्रीफच्या कार्डाशी लावून पाहिलं. अगदी जुळला. हे खूश होऊन मान डोलवायला लागले. तेवढ्यात तिने लालचा ड्रॉपर उचलला आणि आमच्याकडे न बघता एक थेंब वाटीत सोडला.

"धिस इज मी," म्हणाली. मग भराभरा बोलत सुटली, की बाळ गेलं त्या आठवड्यात ती प्रवास करून आली होती, जिन्यावरून घाईने उतरली होती, डॉक्टर नाही म्हणतात, पण तिलाच वाटतं. वाटीतला रंग बघता बघता जांभळट झाला होता.

मी तिच्याकडे झेपावणार तोच ह्यांनी मला हाताने थांबवलं. वाटी उचलून उजेडात धरली, एखाद्या गिऱ्हाइकाची असावी तशी नीट पाहिली. "रेड, नो टेक आउट," म्हणाले. खरंच आहे ते. पडलेला थेंब कुणाच्या बापाला काढता येत नाही. यंत्रालाही नाही. मी मनात म्हटलं, अहो, निदान आज तरी खोटं बोला!

"सो," हे म्हणाले, "वुई मेक बिग."

आणि ह्यांनी पांढऱ्या बेसची वीस लिटरची नवीकोरी बादली ओढली. ज्या माणसाने आयुष्यात चमचाभर रंग वाया घालवला नाही, डब्याच्या झाकणाला लागलेला रंगही जो खरवडून घेतो, त्याने त्या एका वाटीसाठी अख्ख्या बादलीचं सील तोडलं. निळा ओतला, काळा ओतला. वाटी तिच्या हातात दिली आणि बादलीकडे बोट दाखवलं. तिने वाटी उपडी केली. मग काठी ह्यांनी धरली, त्यांचा हात दुखायला लागला तेव्हा मी धरली, मग ती. ढवळता ढवळता तो जांभळट पट्टा बारीक होत गेला, लांबत गेला आणि कधी दिसेनासा झाला ते कळलं नाही.

"रेड इज इन," हे म्हणाले. "बट नाउ, थ्री पीपल्स."

मी दुकानाच्या मागे गेले आणि पदर... छे, हातात होतं ते रंगाचं फडकं, त्यानेच तोंड पुसलं. दिवसभर माझ्या नाकावर निळा डाग होता आणि दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

आता वीस लिटर रंगाचं करायचं काय, हा प्रश्न उरला. दुपारी तिने रोलर मागितला. तिच्या खोलीची खिडकीसमोरची भिंत आम्ही तिघांनी मिळून रंगवली. तिला वाकू दिलं नाही, खालचा भाग माझ्याकडे. बॅग पॅसेजमध्ये आणून ठेवावी लागली, कारण भिंतीला टेकत होती.

रविवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला. ती भिंतीसमोर उभी राहून बोलत होती, तिच्या भाषेत, मला काही कळेना. माझा जीव टांगणीला. दाराआड उभे राहून हे ऐकत होते, त्यांनाही काही कळत नव्हतं. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. कधी येतेस, असाच असणार, जगातल्या सगळ्या आया तोच विचारतात. तिने एक बोट भिंतीला टेकवलं, बोटाकडे पाहिलं. मग वळून दाराआड दिसणाऱ्या ह्यांच्या चपलांकडे बघितलं आणि फोनवर हात ठेवून, आमच्यासाठी, चक्क मराठीत म्हणाली,

"बाबा, सुकल्यावर बोलू."